भावोजी, यात बक्षीस कुठलं आणि जाहिरात कुठली?

पहाटे उठून टीव्ही लावायचा मान आमच्या घरात फक्त ऑस्ट्रेलियातल्या कसोट्यांना. त्यामुळे १३ डिसेंबर २०२४ च्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला हॉलमधून आवाज यायला लागला, तेव्हा वहिनी पीठ मळता मळता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ब्रिस्बेनची कसोटी उद्यापासून ना?" कसोटी उद्याच होती. आज टीव्हीसमोर गोधडी पांघरून बसला होता तो माझा पुतण्या ईशान, अकरावीतला. शेजारी मी. मी वरच्या मजल्यावरून खाली 'चहाला' आलो होतो.

पडद्यावर लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमधला व्हिडिओ गेमच्या बक्षिसांचा सोहळा होता. तिकडे गुरुवारची संध्याकाळ. ऑर्केस्ट्रा वाजत होता, नटूनथटून आलेली मंडळी टाळ्या वाजवत होती. वहिनी पिठाच्या हातांनी दाराच्या चौकटीला टेकून वीसेक मिनिटं बघत राहिल्या. कुणाला तरी बक्षीस मिळालं, तो घाईघाईने आभार मानून गेला. मग एक तलवारवाली बाई राक्षसाशी लढली. मग कुणीतरी येऊन एक तारीख सांगितली. मग सरळसरळ जाहिरात. मग दुसरा राक्षस. मग पुन्हा बक्षीस.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "यात बक्षीस कुठलं आणि जाहिरात कुठली?"

"आई, राक्षस म्हणजे जाहिरात नाही, तो ट्रेलर आहे," ईशान म्हणाला. वहिनी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आहेत. असल्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही.

प्रश्न रास्त होता, आणि पंचवीस वर्षं गेम खेळूनही मला त्याचं एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. ऐरोलीच्या ऑफिसात पोचेपर्यंत मी तोच विचार करत होतो. आता जमेल तसं सांगतो.

आम्ही बघत होतो तो कार्यक्रम म्हणजे 'द गेम अवॉर्ड्स'. व्हिडिओ गेमचं ऑस्कर असं त्याला सगळे म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ऑस्कर देणारी अकादमी ही सिनेमावाल्यांची संस्था. तिचे सभासदच मतं देतात. इथे तशी संस्था नाही. जेफ कीली नावाच्या कॅनेडियन पत्रकाराने उभा केलेला हा खासगी सोहळा आहे. निर्माता तोच, सूत्रसंचालकही तोच. गेम बनवणाऱ्यांनी एकमेकांना दिलेली बक्षिसं बघायची तर अमेरिकेत १९९८ पासून चालणारे डाइस अवॉर्ड्स आहेत, ब्रिटनमध्ये बाफ्टा या सिनेमा-टीव्हीच्या अकादमीचे वेगळे गेम पुरस्कार आहेत. ते बघायला मात्र कुणी गोधडी घेऊन बसत नाही.

कीलीचा या प्रकाराशी संबंध जुना. १९९४ साली अमेरिकेत एका वाहिनीवर 'सायबरमेनिया ९४' नावाचा गेमच्या बक्षिसांचा कार्यक्रम झाला. विनोदी नट लेस्ली नील्सन त्याचा एक सूत्रसंचालक होता, आणि निवेदनाचं थोडं लिखाण करायला शाळकरी कीली होता. पुढे २००३ ते २०१३ स्पाइक नावाची वाहिनी दर वर्षी गेमची बक्षिसं द्यायची. त्यात गेमपेक्षा हॉलिवूडची मंडळी आणि पांचट विनोद जास्त. २०१३ च्या शेवटच्या सोहळ्यावर तर प्रेक्षकांनी टीकेची झोड उठवली. कीलीने ती वाहिनी सोडली, पदरचे पैसे घातले आणि ५ डिसेंबर २०१४ ला लास वेगासमध्ये स्वतःचा पहिला सोहळा केला. पुढच्या वर्षापासून मुक्काम लॉस एंजेलिसला.

आता यातली खरी गोम. वाहिनी सोडल्यावर त्याने दुसरी वाहिनी शोधलीच नाही. कार्यक्रम यूट्यूब, ट्विच, मिळेल तिथे फुकट सोडला. कुणीही बघा, कुणीही आपल्या चॅनेलवर दाखवत गप्पा मारा. २०१४ ला १९ लाख प्रेक्षक होते. २०२४ चा आकडा आयोजकांनी १५.४ कोटी सांगितला. हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. हे १५.४ कोटी 'लाइव्हस्ट्रीम' आहेत, म्हणजे किती वेळा प्रक्षेपण उघडलं गेलं ती मोजदाद. ईशानने सकाळी टीव्हीवर लावलं, मधेच आंघोळीला जाताना मोबाइलवर लावलं, म्हणजे एकाच पोराचे दोन झाले. त्याच वर्षी ऑस्करला अमेरिकेत दोन कोटींच्या आत प्रेक्षक होते, म्हणून 'गेमने ऑस्करला मागे टाकलं' अशा बातम्या फिरतात. एका बाजूला एका देशातली माणसं मोजायची, दुसऱ्या बाजूला जगभरातले क्लिक, आणि मग तुलना करायची, याला हिशोब म्हणत नाहीत. तरीही आकडा मोठाच आहे, हे कबूल.

पण फुकट दाखवायचं म्हणजे प्रक्षेपणाचे हक्क विकून पैसे मिळणार नाहीत. मग थिएटर, ऑर्केस्ट्रा, रोषणाई, पाहुणे हे सगळं कशावर चालतं?

ठाण्यातल्या माणसाला हे समजायला लांब जायला नको. दहीहंडीला टेंभी नाक्यावर जाऊन उभं राहायचं. मंच, मंचावर पाहुणे, पाहुण्यांमागे फलक, फलकांवर प्रायोजक, डीजे, वाहिन्यांचे कॅमेरे. पथकं बसगाड्या करून येतात, सलामी देतात, पुढच्या हंडीकडे पळतात. दिवसभराच्या त्या गदारोळात आठ थर लागून उतरायला वेळ लागतो किती? काही मिनिटं. त्या मिनिटांशिवाय मंचाला किंमत नाही, आणि मंचाशिवाय पथकाला कुणी बघणार नाही. गेम अवॉर्ड्सचं तेच आहे. बक्षिसं आहेत म्हणून लोक मानाने बघतात. लोक बघतात म्हणून कंपन्या आपला नवा गेम तिथे दाखवायला पैसे मोजतात. त्या पैशावर मंच उभा राहतो. फरक इतकाच की गेमवाल्या गोविंदाला रोख रक्कम मिळत नाही, न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने घडवलेली मूर्ती मिळते.

पैसे किती मोजतात? जून महिन्यात कीलीचाच 'समर गेम फेस्ट' नावाचा दुसरा कार्यक्रम असतो. त्यात बक्षिसं नसतात, निव्वळ ट्रेलर. २०२४ मध्ये तिथला भाव बातम्यांत आला : एका मिनिटाला अडीच लाख डॉलर, अडीच मिनिटांना साडेपाच लाख. आपल्या पैशात एका मिनिटाचे दोन कोटी रुपये, ट्रेलर बनवायचा खर्च वेगळा. सगळेच ट्रेलर पैसे भरून येतात असंही नाही. काही गेम आयोजक स्वतः पसंत करून फुकट दाखवतात. फक्त, बघणाऱ्याला त्यातला भरलेला कुठला आणि निवडलेला कुठला हे कळायची सोय नाही. दोन्हींवर 'वर्ल्ड प्रीमियर' असाच शिक्का.

एका परीने तो राक्षस जाहिरातच होता. ईशानला हे अजून मान्य नाही.

बक्षिसं मात्र विकत मिळत नाहीत, आणि ही बाजू नीट सांगायला हवी, कारण 'सगळं सेटिंग असतं' म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. मतदान असं चालतं. जगभरातली शंभराहून अधिक वर्तमानपत्रं, मासिकं, संकेतस्थळं परीक्षक म्हणून निवडलेली आहेत. प्रत्येक ठिकाणचे गेम समीक्षक आपापसांत ठरवून संस्थेची एकच यादी पाठवतात. त्यातून प्रत्येक विभागाची पाचेक नामांकनं ठरतात. 'वर्षाचा सर्वोत्तम गेम' या मुख्य बक्षिसाला सहा. मग दुसरी फेरी. तिच्यात परीक्षकांच्या मताला ९० टक्के वजन, तुमच्याआमच्या मताला १०. याशिवाय एक सल्लागार मंडळ असतं, त्यात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो अशा बड्या कंपन्यांचे लोक बसतात. ते सोहळा कसा व्हावा यावर बोलतात, मत देत नाहीत.

लोकांना फक्त १० टक्के का, यावर दर वर्षी बोंब होते. उत्तर साधं आहे. एकांकिका स्पर्धेत प्रेक्षकपसंतीचं बक्षीस कुणाला जातं, आठवून बघा. ज्या कॉलेजातून दोन बस भरून पोरं येतात त्याला. २०२४ मध्ये पूर्णपणे लोकांच्या मतावर दिलं जाणारं बक्षीस चीनच्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ला गेलं, मुख्य बक्षीस मिळालं सोनीच्या 'ॲस्ट्रो बॉट'ला, एका चिमुकल्या यंत्रमानवाच्या उड्या मारायच्या खेळाला. चीनमधून किती बस भरून येऊ शकतात याचा विचार करा. वुकाँग वाईट होता असं मी म्हणत नाही. मी तो ॲस्ट्रो बॉटच्या दुप्पट तास खेळलोय.

परीक्षकांची पद्धतही सोवळी नाही. ते समीक्षक आहेत. वर्षभरात जे हाती आलं त्यावरच मत देणार. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दार बंद होतं. त्यानंतर बाजारात आलेला गेम पुढच्या वर्षीच्या रांगेत. निन्टेन्डोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' ७ डिसेंबर २०१८ ला आला, म्हणून तो २०१९ च्या मुख्य बक्षिसाच्या यादीत दिसला, वर्षभर शिळा होऊन. शिवाय विभागांच्या व्याख्या ढिल्या. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र, छोट्या चमूने केलेला गेम. २०२३ मध्ये या विभागात 'डेव्ह द डायव्हर'ला नामांकन मिळालं. तो बनवणारी मिंटरॉकेट ही कोरियातल्या नेक्सॉन या बलाढ्य कंपनीची शाखा. पिक्सेलची, म्हणजे जुन्या गेमसारखी ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं बघून परीक्षकांनी त्याला गरीब घरचा समजलं, दुसरं काय. पुढच्या वर्षी तर जुन्या गेमला जोडलेला भाग, 'एल्डन रिंग'चा 'शॅडो ऑफ द एर्डट्री', थेट मुख्य बक्षिसाच्या सहांत आला. कादंबरीला जोडलेलं परिशिष्ट वर्षातली सर्वोत्तम कादंबरी ठरू शकतं का, यावर ईशान आणि त्याचे मित्र तलावपाळीला दोन तास भांडले.

एवढं असूनही, २०१४ पासूनच्या विजेत्यांची यादी काढली तर लाज वाटावी असं फारसं काही सापडत नाही. 'द विचर ३', 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड', 'एल्डन रिंग', 'बाल्डर्स गेट ३'. यातला कुठलाही उचला, पैसे वसूल.

खटकतं ते वेळेचं वाटप. २०२३ च्या सोहळ्यात विजेत्यांसमोरच्या पडद्यावर 'कृपया आवरतं घ्या' असा मजकूर झळकायचा आणि अर्ध्या मिनिटात संगीत सुरू व्हायचं. 'बाल्डर्स गेट ३' करणाऱ्या लॅरियन कंपनीचे प्रमुख स्वेन विंक चिलखत घालून मुख्य बक्षीस घ्यायला आले होते. ते नुकत्याच वारलेल्या सहकाऱ्याबद्दल बोलत असतानाही ती पाटी झळकली. त्याच रात्री हिदेओ कोजिमा हा नावाजलेला जपानी दिग्दर्शक आपल्या आगामी गेमबद्दल मंचावर निवांत गप्पा मारून गेला. गेम कधी येणार तेही त्याने सांगितलं नव्हतं. म्हणजे झालेल्या कामाला अर्धं मिनिट आणि व्हायच्या कामाला ऐसपैस. त्या वर्षी या धंद्यात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्याचा मंचावरून उच्चारही झाला नाही. टीका एवढी झाली की संगीत जरा लवकरच वाजलं हे कीलीनेही मान्य केलं. २०२४ ला विजेत्यांना बोलू दिलं, आणि नोकरी गेलेल्यांना कामं शोधून देणाऱ्या एका माणसाला खास पुरस्कारही दिला.

हे सुधारलं. ट्रेलरचं पारडं मात्र जड ते जडच, कारण दुकान त्यावर चालतं.

तर आता ट्रेलर. या विषयात वहिनी माझ्यापेक्षा जाणत्या निघाल्या, कारण दादा-वहिनींनी घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला होता. ताबा ठरल्यापेक्षा सव्वातीन वर्षं उशिरा मिळाला. बिल्डरचं नाव सांगत नाही. घोडबंदरला राहणाऱ्या निम्म्या लोकांना तो आपलाच वाटेल.

मी त्यांना म्हटलं, गेमचे ट्रेलर चार प्रकारचे असतात. पहिला, हायवेवरच्या होर्डिंगवरचं चित्र. हिरवळ, पोहण्याचा तलाव, फुगे घेऊन धावणारं गोरं पोर. याला सिनेमॅटिक किंवा सीजी ट्रेलर म्हणतात. तो बहुतेक वेळा ॲनिमेशन करणारी वेगळीच कंपनी बनवून देते. त्यात दिसणाऱ्यातलं काहीही तुम्ही खेळणार नसता. मूड दाखवायचा असतो. दुसरा, 'इन-इंजिन'. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधला जातोय त्याच सॉफ्टवेअरवर केलेला सिनेमा. सिमेंट, विटा, टाइल्स तुमच्या इमारतीतल्याच, पण त्या रचून उभी केलेली भिंत तुमच्या घरातली नव्हे. तिसरा, गेमप्ले ट्रेलर.

"तो खरा?" वहिनी म्हणाल्या.

"तो सँपल फ्लॅट."

त्या हसल्या. आमच्याकडच्या सँपल फ्लॅटमध्ये बेडरूमला दारच नव्हतं आणि पलंग साडेपाच फुटांचा होता, हे दादाला ताबा मिळाल्यावर कळलं. गेम बनवणारे याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. अख्खा गेम अर्धाकच्चा असताना त्यातला दहा-पंधरा मिनिटांचा एकच तुकडा घासूनपुसून चकचकीत करायचा आणि तोच दाखवायचा. तो तुकडा खरा असतो. बाकीचं घरही तसंच असेल असं तुम्ही गृहीत धरता, तिथे फसता. २०१२ मध्ये 'वॉच डॉग्ज' नावाच्या गेमचा असा तुकडा बघून सगळ्यांचे डोळे दिपले होते. २०१४ ला गेम हातात आला तेव्हा ते पावसातले रस्ते आणि ती रोषणाई बरीच फिकी पडली होती.

आणि चौथा प्रकार म्हणजे ट्रेलर नसतोच. डेमो. किल्ली घ्या, आत फिरून या. नळ सोडून बघा. जो गेम डेमो देतो त्याच्याबद्दल माझं मत आधीच निम्मं चांगलं झालेलं असतं.

होर्डिंगच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'आर्टिस्ट्स इम्प्रेशन' लिहिलेलं असतं, तसंच ट्रेलरमध्येही लिहितात. २०२४ च्या त्या पहाटे दाखवलेल्या 'द विचर ४'च्या ट्रेलरवरही होतं : अनरियल इंजिन ५ वर, एन्व्हिडियाच्या अजून जाहीरही न झालेल्या ग्राफिक्स कार्डवर आधीच तयार करून ठेवलेला. म्हणजे दुसरा प्रकार. कंपनीने लपवलं नव्हतं. या गेमची पूर्ण ताकदीने बांधणी सुरू झाली होती ती महिनाभरच आधी, आणि २०२६ संपेपर्यंत तो येणार नाही हेही कंपनीने नंतर सांगून टाकलं. पायाचा खड्डा खणतानाच लावलेलं होर्डिंग होतं ते.

इतक्या लवकर दाखवतातच कशाला? कारणं बरीच. गुंतवणूकदाराला काहीतरी दिसावं लागतं. भरतीही करायची असते. चांगले प्रोग्रामर आणि चित्रकार कुणी न ऐकलेल्या गेमसाठी नोकरी सोडून येत नाहीत. आणि 'विशलिस्ट'. स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यात मोठं दुकान. तिथे आवडलेल्या गेमच्या नावापुढे खूण करून ठेवता येते. गेम विक्रीला आला की दुकान तुम्हाला मेल पाठवतं. पैसे लागत नाहीत. किती लाख लोकांनी खूण केली यावरून विक्रीचा अंदाज बांधतात. त्यामुळे मंचावरून दर दहा मिनिटांनी विशलिस्ट करा, विशलिस्ट करा असं ऐकू येतं, मंडळाच्या वर्गणीसारखं.

घोषणा ते ताबा यातलं अंतर मग कितीही होतं. 'हेलब्लेड २' याच मंचावर डिसेंबर २०१९ ला दिसला आणि मे २०२४ ला आला. निन्टेन्डोने 'मेट्रॉइड प्राइम ४' जाहीर केला २०१७ ला. २०१९ मध्ये झालेलं काम बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात केल्याचं स्वतःच सांगितलं. गेम आला ४ डिसेंबर २०२५ ला. दादाचे सव्वातीन वर्षं त्यापुढे काहीच नाहीत, असं मी म्हणालो तेव्हा दादा उठून गॅलरीत गेला.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार आवडते, ती जरा सावकाश सांगतो.

२०१३ चा तो स्पाइकचा बदनाम सोहळा. त्यात इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स नावाच्या मूठभर माणसांच्या कंपनीने एक ट्रेलर दाखवला : 'नो मॅन्स स्काय'. समुद्रातून वर येऊन यानात बसायचं, ढग फोडून अवकाशात जायचं, दुसऱ्या ग्रहावर उतरायचं, मधे कुठेही खंड नाही. ग्रह किती, तर १८ वर १८ शून्यं. हे ग्रह कुणी बसून रंगवलेले नव्हते. गणिताच्या सूत्रातून त्या त्या क्षणी घडत होते. त्या रात्रीपासून जग वेडं झालं. कंपनीचे शॉन मरी मुलाखतींमध्ये विचारतील त्याला हो म्हणत गेले. इतर खेळाडू भेटतील? शक्यता कमी, पण हो.

ऑगस्ट २०१६ ला गेम आला. ग्रह होते. बाकी बरंच नव्हतं. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर, एका जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. शिव्यांचा पाऊस पडला, पैसे परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली. नियामकाने चौकशी करून कंपनीला निर्दोष ठरवलं, कारण गेममधला प्रत्येक ग्रह वेगळा, तेव्हा जाहिरातीतलं हुबेहूब दृश्य प्रत्येकाला दिसेलच असं नाही, हे ग्राहकाला समजायला हवं. हा निकाल वाचून वहिनी म्हणाल्या, "आमच्या बिल्डरचा वकील इतका हुशार नव्हता."

त्यानंतर हॅलो गेम्सने तोंड मिटलं आणि काम केलं. जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना खरोखर दिसायला लागले. मग तळ, जहाजं, प्राणी, वस्त्या. वर्षानुवर्षं भर घालत गेले, आणि आधी विकत घेतलेल्यांकडून एक पैसा घेतला नाही. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये सतत वाढत राहणाऱ्या गेमसाठीचं बक्षीस 'नो मॅन्स स्काय'ला मिळालं. वर्तुळ इथे पुरं होईल असं तुम्हाला वाटेल. नाही. डिसेंबर २०२३ ला शॉन मरी पुन्हा त्याच कीलीशेजारी उभे राहिले आणि नवा गेम जाहीर केला, 'लाइट नो फायर' : पृथ्वीएवढ्या आकाराची एकच सलग दुनिया. सभागृह पुन्हा वेडं. मीसुद्धा. माणूस काही शिकत नाही.

मंचाची गरज प्रत्येकालाच असते असंही नाही. 'जीटीए ६' या बहुचर्चित गेमचा पहिला ट्रेलर २०२३ च्या डिसेंबरात, गेम अवॉर्ड्सच्या तीन दिवस आधी, तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकला. २४ तासांत तो नऊ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. ज्याच्या दाराशी आपसूक गर्दी जमते तो दुसऱ्याच्या नाक्यावर कशाला जाईल? निन्टेन्डो २०११ पासून स्वतःचे कार्यक्रम करतं, सोनीही करते. या सवयीनेच लॉस एंजेलिसचं ई-३ हे जुनं प्रदर्शन संपवलं. १९९५ ला सुरू झालेलं ते प्रदर्शन डिसेंबर २०२३ ला अधिकृतपणे बंद झालं. मोठ्यांनी स्वतःची दुकानं काढली, आणि सामाईक चव्हाटा म्हणून उरला तो मुख्यतः कीलीचाच.

चव्हाट्याचा खरा उपयोग लहानांना होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' घ्या. देवळं, बाहुल्या, दुर्गा, विष्णू, आणि भावाला सोडवायला निघालेली राजी. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पुरा केला, २०२० ला बाजारात आणला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्याच कामगिरीसाठीच्या इंडी विभागात पाचांत नाव आलं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'ला गेलं. पण जगभरच्या समीक्षकांच्या यादीत पुण्याच्या पोरांचं नाव आलं, यावर मी तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते. लोकांना वाटलं माझं प्रमोशन झालं. २०२४ मध्ये 'बालाट्रो' हा पत्त्यांचा गेम, एकट्या माणसाने केलेला, मुख्य बक्षिसाच्या सहांत जाऊन बसला आणि दुसरी तीन बक्षिसं घेऊन गेला. त्याच्या ट्रेलरवर कुणी दोन कोटी खर्च केले असते असं वाटत नाही.

राहता राहिला खिसा. प्लेस्टेशनचा नवा मोठा गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात जातो. ट्रेलर संपतो तेव्हाच पडद्यावर 'प्री-ऑर्डर' येतं, म्हणजे आगाऊ बुकिंग. वर एखादं चिलखत फुकट, मॉड्युलर किचनसारखं. फ्लॅटचं बुकिंग निदान समजू शकतो, फ्लॅट संपतात. डाउनलोड करायचा गेम संपत नाही. सोमवारी घेतला काय, परीक्षणं वाचून पुढच्या शनिवारी घेतला काय, तोच मिळतो. हे कळायला मला एकदा स्वतःचे साडेचार हजार घालवावे लागले. कुठला गेम ते विचारू नका. फ्लॅटवाल्यांना तक्रारीला महारेरा आहे. गेमवाल्यांना दुकानाचे नियम. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलात की साधारण विषय संपला. ईशानने वाढदिवसाचे पैसे खर्च करण्यापूर्वी हे मी त्याला तोंडपाठ करायला लावलं. (आणि हे गेम म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंद केले ते पैसे लावायचे गेम नव्हेत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन्हींची खिचडी झाली होती आणि ईशानकडे तीन दिवस संशयाने बघितलं गेलं.)

२०२५ च्या डिसेंबरात, १२ तारखेच्या शुक्रवारी, पुन्हा साडेसहा. या वेळी वहिनी चहाचा कप घेऊन आधीच सोफ्यावर होत्या. 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३' या फ्रान्समधल्या सँडफॉल कंपनीच्या पहिल्याच गेमने त्या पहाटे नऊ बक्षिसं उचलली, मुख्य बक्षीस धरून. ईशान उड्या मारत होता. मधेच एक ट्रेलर सुरू झाला. पाऊस, जळणारं शहर, कुत्र्याला मिठी मारलेला सैनिक. ईशानने मोबाइल काढला.

"थांब," वहिनी म्हणाल्या. "जरा मागे घे. अजून. हां, तिथे." त्या चष्मा वर करून टीव्हीजवळ गेल्या. "भावोजी, खाली काय लिहिलंय ते वाचा बरं."